असह्य ठरविलेली गाणी : आकाशवाणी, चित्रपटसंगीत आणि श्रोते (१९५२–१९५७)

प्रस्तावना

एखादे गाणे हजारोंच्या ओठांवर असावे आणि त्याच वेळी काहींना ते क्षणभरही ऐकवत नसावे, हा अनुभव ध्वनिमुद्रणाच्या युगाइतकाच जुना आहे. नाटकगृहात किंवा मैफलीत जाणारा श्रोता आपल्या इच्छेने जातो व नको असल्यास उठून येतो. रेडिओ व ध्वनिक्षेपक यांनी ही सोय काढून घेतली. शेजारच्या घरातील, कोपऱ्यावरच्या हॉटेलातील, लग्नाच्या मांडवातील गाणे न बोलावता घरात येऊ लागले. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. त्यामुळे लोकप्रिय गाण्याविषयीची नावड ही विसाव्या शतकात केवळ अभिरुचीची बाब न राहता सार्वजनिक तक्रारीची बाब झाली.

ही तक्रार बहुधा घराच्या उंबरठ्यापर्यंतच राहते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकात मात्र ती एका मंत्रालयाचे धोरण बनली. १९५२ ते १९५७ या काळात ऑल इंडिया रेडिओवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती. या घटनेचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका हटवादी मंत्र्याचा किस्सा म्हणून येतो. प्रस्तुत निबंधात हा किस्सा बाजूला ठेवून ‘मला हे ऐकवत नाही’ या विधानाचे ‘हे कोणीच ऐकू नये’ या विधानात रूपांतर कसे झाले, आणि ते रूपांतर व्यवहारात कोठे अडले, याचा विचार केला आहे.

नावडीची पूर्वपीठिका

नभोवाणीच्या यंत्रणेने विशिष्ट नाद असह्य ठरविण्याची सुरुवात स्वातंत्र्यानंतर झाली असे नाही. मार्च १९४० मध्ये, लायोनेल फील्डन हे नभोवाणीचे नियंत्रक असताना, ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्येच या वाद्याविरुद्ध लेख लिहिला होता. बारा ठरीव स्वरांत बांधलेल्या या पेटीतून भारतीय संगीतातील श्रुती व मींड निघू शकत नाहीत, हा त्यातील मुख्य आक्षेप. रवींद्रनाथ टागोरांनीही या बंदीला पाठिंबा दिला. इंग्रज अधिकारी, पाश्चात्त्य संगीतकार आणि भारतीय कवी यांचे या एका बाबतीत एकमत व्हावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. पेटी पाश्चात्त्य म्हणून नको होती, आणि ती नको म्हणणाऱ्यांत पाश्चात्त्यच अग्रभागी होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा निर्णय विशेष विसंगत होता. संगीत नाटकाने पेटीला येथे मानाचे स्थान दिले होते. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने भास्करबुवा बखले यांच्या गायनाला पेटीची साथ केली होती. म्हणजे ज्या वाद्याने मराठी कानाला रागसंगीताची गोडी लावली, तेच वाद्य रागसंगीताच्या रक्षणासाठी बाहेर काढले गेले. १९७१ मध्ये काही अटींवर ही बंदी सैल झाली. लोकस्मृतीत या बंदीचे श्रेय वा अपश्रेय पुष्कळदा केसकर यांना दिले जाते. ते चुकीचे आहे. केसकर मंत्री झाले तेव्हा ती बारा वर्षे जुनी होती. त्यांनी ती फक्त चालू ठेवली.

स्वातंत्र्याच्या सुमारास सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते असताना आणखी एक पाऊल टाकले गेले. ज्यांचे खासगी जीवन लोकनिंदेचा विषय आहे अशा कलावंतांना नभोवाणीचे दार बंद करण्यात आले. भाषा नैतिक व सर्वसाधारण असली तरी रोख गाणाऱ्या-नाचणाऱ्या पेशातील स्त्रियांवर होता, हे उघड आहे. भारतातील ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या काळात ज्यांच्या तबकड्या घरोघर पोहोचल्या त्या गायिका प्रामुख्याने याच वर्गातील होत्या. येथे गाणे असह्य नव्हते, गाणारी असह्य होती. नावड नेमकी कशाची, हा प्रश्न अशा प्रकारे सुरुवातीपासूनच गुंतागुंतीचा होता.

केसकर आणि त्यांचे धोरण

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर (१९०३–१९८४) यांचा जन्म पुण्याचा. पॅरिस येथे उच्च शिक्षण, काँग्रेस संघटनेत काम, परराष्ट्र खात्यात उपमंत्रिपद आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्रिपद, असा त्यांचा प्रवास आहे. त्यांचे मतदारसंघ उत्तर प्रदेशात होते. परंतु संगीतविषयक दृष्टी मराठी सुधारणा-परंपरेतून आलेली होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी संगीताला राजदरबार व कोठी यांतून बाहेर काढून पाठ्यपुस्तक, विद्यालय आणि मध्यमवर्गीय घर यांत आणले. १९०१ मध्ये लाहोर येथे पलुस्करांनी स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय हे त्या प्रयत्नाचे एक ठळक चिन्ह. विद्यालयाने केलेले काम आता रेडिओने देशभर करावे, असे केसकरांचे स्वप्न होते.

या स्वप्नाची बाजू समजून न घेता त्यांच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. संस्थाने विलीन झाल्यावर शेकडो गायक-वादकांचा आश्रय तुटला होता. नवा आश्रयदाता होण्याची क्षमता केवळ शासनाकडे होती. जुलै १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पंडित रविशंकर यांच्या मार्गदर्शनाखाली वाद्यवृंद उभा राहिला. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन भरू लागले. दूरच्या तालुक्यातील शिक्षकाला, एरवी कधी ऐकायला मिळाला नसता असा गवई घरबसल्या ऐकता आला. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्या पुढाकाराने कलाकारांच्या चाचणीची व श्रेणीची पद्धत लागू झाली. वयोवृद्ध उस्तादांनी समितीपुढे परीक्षा द्यावी, ही कल्पना अनेकांना अपमानास्पद वाटली व त्यावरून असंतोषही उसळला. मात्र श्रेणीपद्धत टिकली.

चित्रपटगीतांविषयी केसकरांचे आक्षेप तीन होते. ती पाश्चात्त्य चालींची नक्कल करतात, त्यांतील शब्द उत्तान असतात, आणि त्यांची भाषा व भावविश्व उर्दू वळणाचे आहे. तिसरा आक्षेप त्यांच्या व्यापक इतिहासदृष्टीशी जोडलेला होता. उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या अवनतीचा दोष ते मुस्लिम दरबार व घराणेदार उस्ताद यांच्याकडे देत. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संगीताच्या समस्यांवरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथातही ही भूमिका आढळते. येथे अभिरुची आणि जमातवादी पूर्वग्रह यांची सरमिसळ झाली, हे स्पष्टपणे नोंदवावे लागते. गाण्याची चाल आवडत नाही असे म्हणताना गाणे रचणाऱ्याच्या वंशावळीची चौकशी सुरू झाली.

धोरणाचे प्रत्यक्ष स्वरूप काय होते, याबाबत काटेकोर राहणे आवश्यक आहे. केसकरांनी चित्रपटगीतांवर सरसकट बंदी घातली, असे सर्वत्र म्हटले जाते. वस्तुतः त्यांनी प्रक्षेपणातील चित्रपटगीतांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आणले, गीतांची छाननी सुरू केली, आणि गीत वाजविताना चित्रपटाचे नाव सांगणे थांबविले. चित्रपटाचे नाव घेणे म्हणजे जाहिरात, असा खात्याचा तर्क होता. केवळ गायकाचे नाव सांगितले जाई. निर्मात्यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने गाणे ही चित्रपटाची दवंडी होती आणि नाव वगळले तर दवंडीचा उपयोगच उरत नव्हता. निर्मात्यांच्या संघटनेने गीतांच्या प्रक्षेपणाची परवानगी काढून घेतली आणि काही महिन्यांतच ही गाणी नभोवाणीवरून दिसेनाशी झाली. पोकळी निर्माण झाली ती मंत्र्याची मर्यादा व निर्मात्यांचा हिशेब या दोहोंच्या टकरीतून. मंत्र्याला ती नकोशी नव्हती, हे मात्र खरे. तडजोडीला पाच वर्षे लागावीत यातच ते दिसून येते.

कोलंबोहून येणारा आवाज

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्यासाठी कोलंबो येथे एक शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारण्यात आला होता. युद्धानंतर तो सिलोनच्या नभोवाणीकडे आला. भारतीय उपखंडातील मोठा भूभाग त्याच्या टप्प्यात होता आणि त्याला जाहिराती घेण्यास मुभा होती. भारतातील नभोवाणीने जी गाणी नाकारली ती या केंद्राने स्वीकारली.

१९५२ च्या अखेरीस सुरू झालेला ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम या इतिहासाचा सर्वांत परिचित भाग आहे. तो मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि विमानाने कोलंबोला जाई. तेथून लघुलहरींवर बसून पुन्हा मुंबईत, पुण्यात, नागपुरात येई. मुंबईत तयार झालेली गाणी, मुंबईतील निवेदक, मुंबईतील जाहिरातदार आणि श्रोते भारतातले. केवळ प्रक्षेपक परका. सीमाशुल्काच्या कोणत्याही चौकीवर न थांबणारी अशी ही आयात होती! निवेदक अमीन सयानी (मृत्यू २०२४) यांनी पुढे वारंवार सांगितलेल्या आठवणीनुसार पहिल्या कार्यक्रमानंतरच सुमारे ९,००० पत्रे आली, आणि पुढे हा आकडा दर आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला. आठवणीतील आकडे थोडे सैल धरले तरी दिशा बदलत नाही. आरंभी सात गाणी वाजवून श्रोत्यांकडून त्यांचा क्रम मागविला जाई. नंतर तिचे लोकप्रियतेच्या ‘पायदानां’त रूपांतर झाले.

येथे एक बाब विशेष विचारार्ह आहे. त्या काळी रेडिओसंच बाळगण्यासाठी वार्षिक परवाना शुल्क भरावे लागे. ही रक्कम देशातील नभोवाणीच्या खर्चासाठी होती. म्हणजे श्रोता भारताच्या रेडिओसाठी पैसे भरत होता आणि सिलोनचा रेडिओ ऐकत होता. दहा घरांपैकी नऊ घरांत सिलोन लागलेले आढळले आणि दहाव्या घरातील संच बिघडलेला होता, असा एक विनोद तेव्हा प्रचलित होता. विनोदाला पुराव्याचे मूल्य नसते. परंतु तो कोणावर केला जातो यावरून बरेच कळते.

धोरणकर्त्यांचे गृहीतक असे होते की, नको ते ऐकायला मिळाले नाही म्हणजे श्रोता हवे ते ऐकेल. शाळेत हे काही अंशी शक्य असते, कारण वर्गाचे दार बंद असते. रेडिओला दार नाही, खुंटी आहे. केसकरांच्या योजनेतील मुख्य दोष संगीतविषयक नसून माध्यमविषयक होता, असे म्हणावे लागते. ज्या गुणामुळे रेडिओ रागसंगीत खेड्यापर्यंत नेऊ शकत होता, त्याच गुणामुळे तो कोलंबोही खेड्यापर्यंत आणत होता.

रेषा कोठे आखावी?

शुद्ध व भ्रष्ट यांमधील रेषा कागदावर सोपी वाटली तरी त्या काळातील कलावंतांकडे पाहता ती टिकत नाही. सी. रामचंद्र यांचे उदाहरण घ्यावे. भगवान यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील त्यांच्या संगीतावर लॅटिन अमेरिकी ठेका व जाझ यांची छाप होती, आणि त्यामागे गोव्याहून आलेल्या वादकांचा मोठा वाटा होता. पोर्तुगीज गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले हे वादक मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांचा कणा होते. केसकरांचा पहिला आक्षेप ज्या गाण्यांवर होता ती हीच. परंतु रामचंद्र चितळकर यांचे आरंभीचे शिक्षण विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे, म्हणजे विष्णु दिगंबरांच्याच शिष्यपरंपरेत झाले होते. गुरुकुल एकच, एक फांदी मंत्रालयाकडे गेली, एक स्टुडिओकडे.

याहून बोलके उदाहरण ‘बैजू बावरा’चे आहे. हा चित्रपट १९५२ चाच. नौशाद यांचे संगीत रागांवर आधारलेले. चित्रपटातील गायनस्पर्धेसाठी उस्ताद अमीर खाँ आणि दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचे स्वर वापरले गेले. हे पलुस्कर म्हणजे साक्षात विष्णु दिगंबरांचे पुत्र. याच चित्रपटातील मालकंस रागातील प्रसिद्ध भजन शकील बदायुनी यांनी लिहिले, नौशाद यांनी स्वरबद्ध केले आणि महंमद रफी यांनी गायले. पाश्चात्त्य नक्कल, उत्तान शब्द, उर्दू भावविश्व यांपैकी कोणता आक्षेप या भजनाला लागू करावयाचा? ज्या वर्षी रागसंगीताच्या रक्षणासाठी चित्रपटगीताला अटकाव झाला, त्याच वर्षी चित्रपटगीताने रागसंगीत अशा श्रोत्यांपर्यंत नेले की जे कोणत्याही संमेलनाला गेले नसते. धोरण ‘चित्रपटगीत’ या वर्गाविरुद्ध होते. गाणे मात्र वर्ग म्हणून ऐकले जात नाही, एकेक ऐकले जाते.

चित्रपटगीताला पर्याय म्हणून नभोवाणीने स्वतःचे सुगम संगीत निर्माण करण्याचे ठरविले. निरनिराळ्या केंद्रांवर कवी व संगीतकार नेमून गीते तयार होऊ लागली. हिंदी प्रदेशात हा प्रयत्न श्रोत्यांना फारसा खेचू शकला नाही. मराठीतील चित्र मात्र निराळे आहे, आणि अखिल भारतीय विवेचनात त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मराठीत भावगीत हा प्रकार १९३० च्या दशकापासूनच तबकड्यांतून आणि गजानन वाटवे यांच्यासारख्या गायकांच्या जाहीर कार्यक्रमांतून रुजला होता. चित्रपटाबाहेरचे गाणे लोकप्रिय होऊ शकते, याचा अनुभव मराठी श्रोत्याला होता. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि दोन वर्षांच्या आतच त्याने ‘गीतरामायण’ दिले. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित झाली. सीताकांत लाड यांची संकल्पना, ग. दि. माडगूळकर यांचे शब्द, सुधीर फडके यांचे स्वर. केसकरांच्या धोरणाने जे अपेक्षिले होते, म्हणजे रागाधारित, सात्त्विक, घराघरांत एकत्र बसून ऐकले जाणारे गाणे, ते येथे संपूर्णपणे साध्य झाले.

परंतु ते साध्य करणारे कोण होते? माडगूळकर हे मराठी चित्रपटसृष्टीतील अग्रगण्य पटकथाकार व गीतकार. फडके हे चित्रपट-संगीतकार. ललिता फडके, माणिक वर्मा यांसारख्या सहभागी गायिकांच्या आवाजाला चित्रपट परका नव्हता. आणि लता मंगेशकर यांच्याविषयी तर सांगावयासच नको. थोड्या शब्दांत नेमका प्रसंग उभा करणे, तीन-चार मिनिटांत राग व भाव यांचा मेळ साधणे, ही कौशल्ये त्यांनी प्रामुख्याने स्टुडिओतच घासून घेतली होती. नभोवाणीचे सर्वांत निर्मळ मानले गेलेले यश चित्रपटाच्या कारागिरांनी घडविले. ‘गीतरामायणा’च्या गौरवात हा मुद्दा सहसा येत नाही, कारण तो गौरवाला थोडा अडचणीचा आहे. केसकरांच्या टीकाकारांनाही तो अडचणीचाच. कारण चित्रपटगीताची जागा रिकामी झाली नसती, तर एका प्रादेशिक केंद्राला वर्षभर एवढा अवकाश मिळाला असता का, हा प्रश्न त्यांनाही टाळता येत नाही.

विविध भारती आणि त्यानंतर

३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’चा प्रारंभ झाला. मुंबई व मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरून चालणारी ही सेवा रेडिओ सिलोनला दिलेले उत्तर होते. केसकर तेव्हाही मंत्रिपदावर होते. ज्या गाण्यांना त्यांनी पाच वर्षांपूर्वी उंबरठ्यावर थांबविले त्यांच्यासाठी त्यांच्याच खात्याने वेगळे दालन बांधले. दालन वेगळे असणे हे महत्त्वाचे आहे. मुख्य वाहिनीची प्रतिष्ठा अबाधित राहिली आणि लोकप्रिय गाणे ओसरीवर आले. मोठ्या वाड्यात आलेल्या, पण जेवणाच्या पंक्तीला न बसविलेल्या पाहुण्याची ही व्यवस्था होती. सेवेची सूत्रे पंडित नरेंद्र शर्मा यांच्याकडे देण्यात आली. ते हिंदीतील प्रतिष्ठित कवी आणि चित्रपटगीतकारही होते. उद्घाटनाचे गीत त्यांनीच लिहिले, चित्रपट-संगीतकार अनिल विश्वास यांनी ते स्वरबद्ध केले आणि मन्ना डे यांनी गायले. गीत चित्रपटातील नव्हते, पण ते रचणारे व गाणारे तिघेही चित्रपटातले होते.

सिलोनचे आकर्षण तरीही लगेच ओसरले नाही, कारण जाहिरातींचे अर्थकारण तेथेच राहिले. १९६२ च्या निवडणुकीत केसकर पराभूत झाले व त्यांचे मंत्रिपद संपले. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. त्या देशात प्रथम महाराष्ट्रातील केंद्रांवरून ऐकू आल्या. चित्रपटाचे नाव घेणे हीसुद्धा जाहिरात मानणाऱ्या खात्याने आता साबण व दंतमंजन यांची नावे पैसे घेऊन सांगण्यास प्रारंभ केला.

दरम्यान नको असलेल्या गाण्याविषयीची तक्रार संपली नाही. तिचे रूप बदलले. ट्रान्झिस्टर, कॅसेट आणि मांडवातील ध्वनिक्षेपक यांनी गाणे अधिकच अटळ केले. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले. या नियमांत राग, भाषा, शब्दांचे सोवळेपण यांचा उल्लेख नाही. त्यांत डेसिबल आहेत. अभंग असो वा कॅबरे, मोजमाप एकच. श्रोत्याला नको ते न ऐकण्याचा हक्क आहे हे मान्य झाले, परंतु तो हक्क गाण्याच्या गुणावगुणांपासून तोडून आवाजाच्या पातळीला जोडण्यात आला. केसकरांना ही तडजोड पटली असती असे वाटत नाही. त्यांचा आक्षेप आवाज मोठा असण्याला नव्हता. ते गाणे हळू आवाजात ऐकले तरी ऐकणारा बिघडतो, अशी त्यांची खात्री होती.

१९८९ मध्ये ‘गीतमाला’ सिलोन सोडून विविध भारतीवर आली. केसकरांच्या निधनाला तेव्हा पाच वर्षे झाली होती. १९५० च्या दशकातील ज्या गाण्यांवरून हा वाद पेटला, ती विविध भारतीच्या सकाळच्या ‘भूले बिसरे गीत’ या कार्यक्रमात अनेक दशके वाजत राहिली. ती ऐकणारी पिढी नव्या गाण्यांविषयी बोलताना चाल पाश्चात्त्य, शब्द उत्तान आणि भाषा भ्रष्ट, असे तीन आक्षेप घेत असे.